दगडावरचं पांढरं

"बाबा, आता तरी सांगा. मी शिकलो की नाही?"

हर्षलने आपला दगड दौलतबाबांपुढे ठेवला. खाणीत सापडणारे स्फटिक धुऊन साफ करण्यात त्यांची हयात गेली होती. त्यांनी हो म्हटल्याशिवाय त्यांचा कुणी शिष्य स्वतंत्र कामासाठी स्वतःचं टेबल मांडत नसे, आणि त्या एका होकारासाठी हर्षल तीन वर्षं ताटकळला होता. त्यात भूशास्त्रात कॉलेजचं सुवर्णपदक मिळवून आलेला. नाक अर्थातच वर होतं.

बाबांनी त्याचा दगड न्याहाळला. हिरवे स्फटिक लखलखीत, कुठे डाग म्हणून नाही.

"याच्यावरचं पांढरं कुठं गेलं?"

"अ‍ॅसिडात विरघळवलं. कचराच तो. तुमच्या दगडांवर राहतो, माझ्या नाही राहत."

बाबांनी तो दगड उचलला.

मग ते त्याला आतल्या खोलीत घेऊन गेले. दाराला गोणपाट लावलं. अंधार झाल्यावर त्यांनी जांभळ्या उजेडाचा छोटा दिवा हर्षलच्या दगडावर धरला.

अंधारात दगड काळा तो काळाच.

बाबांनी आपला एक ओबडधोबड दगड पुढे सरकवला. दिवा तिकडे वळला मात्र, त्याच्यावरचा पांढरा थर निखाऱ्यासारखा केशरी पेटला.

काही खनिजं अशा अतिनील उजेडात पेटतात. हे हर्षलने पुस्तकात वाचलं होतं, परीक्षेत लिहून मार्कही मिळवले होते. आणि तीन वर्षं स्वतःच्या हातांनी हेच विरघळवून मोरीत ओतलं होतं. त्याला रडावंसं वाटलं.

"बाबा... दिवा द्या जरा."

त्याने आपला दगड उचलून उलटा केला. खालच्या एका फटीत अ‍ॅसिडाचा ब्रश पोचला नव्हता. तिथे तांदळाएवढा एक कण केशरी उजळला.

"आहे, बाबा. राहिलाय." हर्षल हसत होता आणि डोळे वाहत होते. गळ्यात पदक पडलं तेव्हाही त्याला एवढा आनंद झाला नव्हता.

"ही बाजू खाली का ठेवली होतीस?"

"साफ झाली नव्हती. तुम्हाला दिसू नये म्हणून..."

बाबांनी दिवा विझवला. कण क्षणभर तसाच उजळत राहिला. हळूहळू तो मावळला.

मग बाबांनी गोणपाट बाजूला सारलं.

"हीच बाजू वर ठेव," ते म्हणाले, "आणि उद्यापासून स्वतःच्या टेबलावर बसायचं."