ठिपकीने घोकलेला शब्द

मांजरं शाळेच्या खिडकीत बसून इंग्रजी शिकायची, त्या काळची ही गोष्ट. आत पोरं तारस्वरात घोकत होती, "लर्क म्हणजे दबा धरून बसणे!"

ठिपकी मांजरीच्या अंगात वारंच शिरलं. "अगंबाई, आपल्या धंद्याला इंग्रजी शब्द!"

ती धावत धान्याच्या कणगीमागे गेली. पोट जमिनीला टेकवलं, शेपटी आवरली आणि पाठ पक्का व्हावा म्हणून पोरांसारखीच ओरडू लागली, "लर्क म्हणजे दबा धरून बसणे! लर्क म्हणजे..."

कणगीतून बाहेर पडणारा उंदीर जागीच थबकला. पिल्लांना हळूच म्हणाला, "मनीमावशी सांगतेय तसंच करा रे. अगदी चूं करू नका."

संध्याकाळी ठिपकी उपाशीच घरी परतली. शब्द तिला तोंडपाठ झाला होता. अंगवळणी पडला होता तो उंदरांच्या.