बोटाएवढं भोक

वाकून या, चौकट ठेंगणी आहे. गेल्या महिन्यात पुण्याच्या एका इंजिनिअरांनी या चौकटीवर कपाळ आपटलं आणि वर मलाच विचारलं, की ही उंची नियमात बसते का.

समोरच्या भिंतीवर तांबडी-पांढरी तीन फुलं दिसतात ना, त्यांच्या मधोमध बघा. प्रत्येकात बोटाएवढं भोक आहे, आणि ते आरपार आहे. आडखोल गावात या तीन फुलांवाचून घर नाही आणि भोकावाचून फूल नाही. जुन्या चिऱ्याच्या घरांचं सोडाच, परवा आमच्या सरपंचांनी स्लॅबचा बंगला बांधला. टीव्हीच्या मागे दगडासारखा दिसणारा कागद चिकटवला, जिन्याला काच लावली, पण माजघराची एक भिंत मुकाट्याने आमच्या स्वाधीन केली. तिला आधी ड्रिलने तीन भोकं पाडली आणि मगच आम्ही फुलं काढायला बसलो.

तुमच्यासारखी घरं सजवणारी मंडळी हल्ली बरीच येतात. कुणी म्हणतं, हवा खेळावी म्हणून भोकं असतील. कुणी म्हणतं, आत दिवा ठेवला तर हॉटेलात छान दिसेल. ठेवा की, माझी ना नाही. पण भोक का आहे ते ऐका आणि मग काय ते ठरवा. मी बाबल मेस्त्रीच्या घराण्यातला. तसं गावातले सगळे मेस्त्री हेच सांगतात, त्यामुळे माझा शब्द जरा बेतानेच धरा.

आधी आमचं काम कसं चालतं ते सांगतो, नाहीतर पुढचं समजणार नाही. भिंतीला पांढऱ्या चुन्याचा गिलावा द्यायचा. तो ओला असतानाच त्यावर काव, म्हणजे ही तांबडी माती, कालवून तिचा पातळ थर चढवायचा आणि गुळगुळीत गोट्याने घोटायचा. मग टोकदार सळीने तांबडं खरवडलं की खालचं पांढरं वर येतं, तेच चित्र. यात फक्त काढून टाकायचं असतं, वर काही चढवायचं नसतं. आणि सगळं भिंत ओली आहे तोवर. एकदा सुकली की देव आला तरी तिच्यावर रेघ ओढता येत नाही.

तर फार मागची गोष्ट सांगतात. त्या काळी किनाऱ्यावर चाचे यायचे. कुठल्या मुलखाचे ते कुणालाच नीट ठाऊक नव्हतं. गुरंढोरं, भात यांत त्यांना फारसा रस नसे. ते माणसं धरून न्यायचे, त्यातही पोरं, आणि लांब कुठेतरी नेऊन विकायचे. गावाने त्यावर एक उपाय ठरवला होता. गलबतं दिसली की खाडी ओलांडून पलीकडच्या रानात शिरायचं.

त्या वर्षी गावात गोवर आला होता. आजारी पोरं इतरांपासून वेगळी ठेवावीत म्हणून पाच पोरं बाबल मेस्त्रीच्या नव्या घरात आणून निजवली होती, कारण त्याची स्वतःची मुलगी मंजुळा गोवरानेच पडली होती. मंजुळा तेव्हा आठ वर्षांची. बाकीची चार तिच्याहून लहान. त्यांचं सगळं बाबलची बायको आवडू बघत असे. आवडू नवऱ्याबरोबर चुना मळायची, काव घोटायची आणि म्हणे सळी धरायला त्याच्याहून हलकी होती. हे बाबल स्वतःच चारचौघांत सांगायचा.

माजघराच्या भिंतीला गिलावा द्यायला त्या दोघांनी नेमका तोच दिवस धरला होता. पहाटे चुना चढवून झाला. भिंतीच्या मागे नारळ ठेवायची चिंचोळी खोली होती. तिला खिडकी नव्हती, आणि तिचं अरुंद दार तेवढं भिंतीत उघडं राहिलं होतं. इतक्यात टेकडीवरून शिंग वाजलं. गलबतं दिसली होती.

होडी एकच. पहिल्या खेपेला म्हातारे गेले, मग बाळंतिणी, मग बाकीचे. गोवराची पोरं इतरांत मिसळू नयेत म्हणून ती शेवटच्या खेपेला ठेवली. तेव्हा ते सगळ्यांनाच शहाणपणाचं वाटलं होतं. होडी बाबल वल्हवत होता. तो पलीकडे माणसं उतरवून वळला आणि बघतो तर गलबतं खाडीच्या तोंडात शिरलेली. मधलं पाणी त्यांच्या ताब्यात. तो पलीकडच्या काठावर उभा आणि अलीकडे त्याची बायको, त्याची मुलगी आणि लोकांची चार पोरं.

आवडूने पाच पोरं त्या नारळाच्या खोलीत घातली. दाराच्या जागी बांबूचा तट्टा बसवला, त्यावर माती लिंपली, मातीवर चुना. जाडी जेमतेम दोन पेरांची. पण आतल्यांना हवा कुठून मिळणार, म्हणून तिने ओल्या चुन्यातून तट्ट्याच्या आरपार तीन भोकं ठेवली. शेवटची फट बुजवण्याआधी तिने पोरांना जे सांगितलं ते गावात अजून शब्दाला शब्द सांगतात. आमच्या बोलीत आवस म्हणजे आई आणि तवसर म्हणजे तोवर.

"मी हाक मारी तवसर तोंड उघडू नकात. दुसऱ्या कोणीय हाक मारल्यान, तुमच्या आवशीन-बापाशीन मारल्यान, तरी गप ऱ्हवा."

फट बुजली. आता तिला एकटीला रानात लपता आलं असतं. मागच्या दाराने माडांतून वाट होती. ती गेली नाही, आणि त्याचं कारण कुणाही मेस्त्र्याला सांगावं लागत नाही. घर रिकामं आणि भिंत ओली, तर बघणारा विचारणार की ही आत्ता का लिंपली. ओल्या भिंतीपुढे हात चालवणारं माणूस असलं की ते काम दिसतं, नाहीतर ती लपवाछपवी दिसते. तिने अख्ख्या भिंतीवर काव चढवली, घोटली, आणि प्रत्येक भोकाभोवती एकेक फूल काढायला घेतलं.

चाच्यांनी घरं धुंडाळली. माणूस कुठेच मिळेना, म्हणून ते चिडले होते. त्यात ओहोटी लागली, गलबतं गाळात बसली, आणि भरती चढेपर्यंत निघता येईना. त्यांचा तांडेल, म्हणजे त्यांचा म्होरक्या, सावली शोधत या घरात आला. बरोबर आपली भाषा मोडकीतोडकी बोलणारा एक दुभाष्या. बघतात तर एक बाई पाठमोरी बसून भिंत खरवडते आहे. विचारलं, तू का पळाली नाहीस? तिने सांगितलं, भिंत सुकली असती. तांडेलाला हसू आलं म्हणे. तो तिथेच पाय पसरून बसला.

तो तासभर बसला म्हणतात, कुणी म्हणतात दोन तास. ती मागे न बघता काम करत होती. आत पोरांना खोकला होता. कुणी खोकेल असं वाटलं की ती सळी जोरात ओढायची, गोटा भिंतीवर घासायची. तांडेलाचा एक माणूस भिंतीला टेकायला आला, तर दुभाष्यानेच त्याला ओढलं, कारण ओल्या कावेने अंगरखा खराब झाला असता. टेकला असता तर हात तट्ट्यातून आत गेला असता. ओल होती तोवर भिंतीला कुणी हात लावणार नव्हतं. पण हवा गरम होती आणि भिंत कडेने फिकी पडू लागली होती. हे तिला दिसत होतं. नशीब की बसलेल्यांत मेस्त्री कुणी नव्हता.

मग तांडेल उठला आणि जवळ येऊन फुलं बघू लागला. त्याने भोकाकडे बोट दाखवून विचारलं, हे काय?

"चुन्याक वारो लागता," आवडू म्हणाली. "भोक नाय ठेवला तर भिंत फुगता."

हे खोटं आहे. भिंत फुगत नाही. तुमच्यासारखे शिकलेले लोकही आज मान डोलावतात, तर तो दर्यावरचा माणूस काय डोलावणार नाही? तो दुभाष्याकडे वळून काहीतरी बोलू लागला. आणि त्याच वेळी मधल्या फुलाच्या भोकातून एक बोट बाहेर आलं.

मंजुळाचं बोट. आत काळोख, उकाडा, अंगात ताप, आणि दोन पेरांपलीकडे आई. तिने आईला शोधलं, एवढंच. आवडूला त्या बोटाशी बोलता येत नव्हतं. आत ढकललं तर पोर घाबरून ओरडेल. तिने कावेच्या भांड्यात चिंधी बुडवली आणि त्या बोटाला तांबडं फासलं. मग आपल्या बोटाने ते एकदा दाबलं. त्या दाबण्याचा अर्थ मंजुळाने 'अशीच रहा' असा घेतला, आणि ती तशीच राहिली. बोट हललं नाही.

तांडेल परत वळला. फुलाच्या पोटात तांबडा ठिपका बघून खूष झाला. दुभाष्याकडून त्याने सांगितलं, की हे बेस झालं, बाकीच्या दोन भोकांतही असाच ठिपका भर.

एक भोक बोटाने बुजलं होतं. उरलेली दोन भरली तर आत पाच पोरं गुदमरणार. भरली नाहीत तर का भरत नाही म्हणून तो स्वतः बोट घालून बघणार. आवडू चिंधी हातात धरून भिंतीकडे बघत राहिली. मग उठली, चिंधी भांड्यात टाकली आणि त्याच्याकडे तोंड करून पहिल्यांदा नीट उभी राहिली.

"ही भिंत आता सुकली. हिच्यार ठिपको धरूचो नाय. तुमच्या घराची भिंत ओली आसतली, थंय घालतलंय. चला."

दुभाष्याला वाटलं आपण चुकीचं ऐकलं. त्याने पुन्हा विचारलं, आमच्या घरी येऊन ठिपका घालतेस? तिने पुन्हा तेच सांगितलं. तांडेलाचं घर नवं बांधून होत होतं म्हणे, हे दुभाष्याने मघाशी बोलता बोलता तिला सांगितलं होतं, आणि गावात एवढं एकच माणूस हाती लागलं होतं. तेही आपण होऊन. त्याने माणसांना हाक दिली, आणि सगळे तिला घेऊन बाहेर पडले. तिने वळून बघितलं नाही. बघणाऱ्याची नजर कुठे जाते तिकडे बाकीच्यांचीही जाते, हे ती जाणून होती. आणि हाक मारणं तर शक्यच नव्हतं. ज्या एका हाकेची आत पाच पोरं वाट बघत होती, ती तिला गिळावी लागली. 

भरती चढली आणि गलबतं गेली. सकाळी लोक खाडी ओलांडून परतले. पोरांचे आईबाप घरभर नावं घेत फिरले. पोरं भिंतीमागे होती, आणि आपल्या आईचा रडण्याचा आवाज ऐकूनही एकानेही तोंड उघडलं नाही. त्यांना तसंच सांगितलेलं होतं. लोकांना वाटलं, गेली सगळी.

बाबल माजघरात आला आणि बायकोने काढलेली फुलं बघत बसला. काल इथे नारळाच्या खोलीचं दार होतं हे त्या दुःखात त्याला आठवलंच नाही. मग त्याच्या ध्यानात आलं, की मधल्या फुलात काहीतरी वर आलेलं आहे. आपल्या कामात वर काही चढवायचं नसतं, आणि आवडू असली चूक करणारी नव्हती. त्याने हात लावला. ठिपका गरम होता.

त्याने नखांनी भिंत फोडली. पाचही पोरं जिवंत निघाली. त्याने मंजुळाला छातीशी धरून पुन्हा पुन्हा हाका मारल्या, तर ती त्याच्याकडे बघत राहिली, बोलेना. बऱ्याच वेळाने एवढंच म्हणाली, "आवशीन हाक मारूक नाय अजून."

आवडू परत आली नाही. दर्यापलीकडच्या कुठल्याशा बंदरात एका घरावर अशी फुलं आहेत असं कुणी खलाशी सांगायचे, खरं-खोटं देव जाणे. बाबलने भिंत पुन्हा उभी केली आणि तीच तीन फुलं काढली, भोकांसकट. ती आली तर कुठून हाक मारायची ते तिला कळावं म्हणून.

मंजुळा मोठी झाली, तिचा संसार झाला, नातवंडं झाली. पण नावाने मारलेल्या हाकेला तिने जन्मात ओ दिली नाही. काही हवं असलं तर जवळ जाऊन खांद्याला हात लावावा लागे. लोक आधी हसायचे, मग सवय झाली. म्हातारपणी ती त्याच नारळाच्या खोलीत निजू लागली. शेवटचे तीन दिवस जीव जाईना आणि येईना. तेव्हा तिची सून उठली, बाहेर माजघरात आली, मधल्या फुलाला तोंड लावलं आणि म्हणाली, "मंजुळा." सासूला नावाने हाक मारणं म्हणजे त्या काळी केवढी गोष्ट. पण आतून लगेच आवाज आला, "ओ, आये." आणि म्हातारी गेली.

म्हणून आजही आडखोलात नवं घर झालं, मग ते चिऱ्याचं असो की स्लॅबचं, की घरातलं सगळ्यांत धाकटं पोर भिंतीमागे जाऊन उभं राहतं. घरातली बाई मधल्या फुलाला तोंड लावते आणि पोराचं नाव काहीही असलं तरी "मंजुळा" अशीच हाक मारते. पोर "ओ" देतं, बोट बाहेर काढतं, ती त्याला काव लावते, आणि मग घरात राहायला सुरुवात होते. मंत्र नाही, भटजी नाही. ओ द्यायला उशीर लावायचा नाही, एवढा एकच नियम आहे.