उंडीवेळीचे बेडे

हा समोरचा जांभ्या दगडांचा गडगा, म्हणजे कुंपणाची भिंत, नीट पाहा. खाडीपासून टेकडीपर्यंत तो अखंड गेला आहे. केवळ या एका ठिकाणी तुटला आहे. तुटला असे म्हणणेही बरोबर नव्हे, कारण तो मुद्दाम तोडला आहे. दोन्ही बाजूंचे चिरे हाताने चाचपून पाहा, कसे गुळगुळीत झाले आहेत. साडेतीनशे वर्षे होड्यांच्या कडा त्यांना घासत आल्या आहेत. मध्ये आडव्या काठ्या सरकवल्या आहेत, त्यांना आमच्याकडे बेडे म्हणतात. समुद्राकडे जाणाऱ्याने काठ्या सरकवून जावे आणि मागे वळून पुन्हा लावाव्यात, असा येथील नेम आहे. तो कसा पडला, ते ऐका.

त्या काळी उंडीवेळीस वलंदेजांची, म्हणजे डचांची, वखार होती. वखारीचा मुख्य यान साहेब दर गुरुवारी या उंडीच्या झाडाखाली बसून गावातले किरकोळ तंटे ऐकत असे, असे सांगतात. साहेबास आपली भाषा येत नव्हती. त्यास फिरंगी, म्हणजे पोर्तुगीज, भाषा येत होती. म्हणून मध्ये दुभाषी बसे. त्याचे नाव दामोदर शेणवी.

या शेणव्याची एक रीत होती. वादी बोलला, की तो लगेच साहेबाकडे वळत नसे. आधी खोदून खोदून विचारी. मग त्या माणसाच्या जागी उभा राहून ‘मी’ म्हणूनच सारे सांगे. कुंभाराचे गाऱ्हाणे सांगताना तो कुंभार होई. एकदा एका कुंभाराने भर सभेत शेणव्यालाच शिवी हासडली, तर तीही त्याने साहेबास जशीच्या तशी ऐकवली म्हणे.

एका पावसाळ्यात या शेणव्याने आपल्या माडांच्या बागेभोवती हा गडगा घातला. बागेच्या मागच्या अंगाला मासेमारी करणारी येसू गाबतीण राहत असे. तिने पावसाळ्यापुरती आपली होडी नेहमीप्रमाणे बागेत ओढून ठेवली होती. पावसाचा जोर ओसरला, नारळी पौर्णिमा आली, सगळ्यांच्या होड्या दर्यात गेल्या. आणि येसूची होडी गडग्याच्या आत, समुद्र गडग्याच्या बाहेर. होडी नाही तर मासळी नाही. विधवा बाईच्या घरची चूल त्या एका होडीवर पेटत होती.

येसूने साहेबाकडे दाद मागितली. पण दुभाषी कोण? प्रतिवादी स्वतःच. सारा गाव उंडीखाली लोटला. साहेबाने विचारले, दुसरा कोणी दुभाषी आणावा काय? शेणव्याने तो प्रश्न येसूला सांगितला. येसू म्हणाली, “दुसरो नको. माका होच होयो.”

“तुजा डोक्या फिरला काय गो?” तिच्या म्हाताऱ्या दिराने विचारले. “तुजा म्हणना तो उलटा करून सांगतलो.”

“नाय सांगूचो,” येसू म्हणाली. “आपला सांगताना तो शेणवी असता. दुसऱ्याचा सांगताना दुभाषी असता. म्हणान माजा त्येणा सांगूचा, आणि त्येचा मी सांगतलंय.”

गर्दीत हशा पिकला. शेणव्याने हे साहेबाला कळवले, तेव्हा तोही हसला. पण त्याने मान डोलावली.

शेणवी उठून येसूच्या जागी उभा राहिला. सवयीने त्याने विचारायला सुरुवात केली. होडी कोणाची? घोवाची, म्हणजे नवऱ्याची. घोव कुठे आहे? दर्यात गेला. “आणि ही वाट तुका पयली कोणी दिल्यान?”

येसू म्हणाली, “तुमच्या आवशीन. माजो घोव बुडालो, त्या दिवशी. म्हणाली, येसू, होडी माज्या परसात ठेव. मी आसय थय पर्यंत वाट तुजीच, आणि माज्या मागेव तुजीच.”

शेणव्याला हे ठाऊक नव्हते. त्या वर्षी तो फिरंग्यांच्या मुलखात भाषा शिकत होता. आणि आता आई हयात नव्हती. ते शेवटचे वाक्य त्याने गाळले असते, तरी साहेबाला कधीही कळले नसते.

शेणवी साहेबाकडे वळला. “मी येसू,” त्याने सुरुवात केली. घोव, होडी, दर्या, सारे सांगून तो थांबला. साहेबाने विचारले, संपले काय? “नाही,” शेणवी म्हणाला. “ही वाट मला शेणव्याच्या आईने दिली. तिच्या मागेही ती माझीच, असे ती म्हणाली.”

मग येसू त्याच्या जागी गेली. “मी शेणवी,” ती म्हणाली. “माड माज्या आवशीन लावलेले. येसूच्यो शेळयो रोज येऊन कोंब खातत, आणि येसू बघून न बघल्यासारख्या करता.”

“ह्या खरा?” दिराने विचारले.

“मी आता शेणवी,” येसू म्हणाली. “येसूक विचारा.”

शेणव्याने हेही साहेबाला ऐकवले. साहेबाने एकच प्रश्न केला: होडी किती रुंद? गावाने होडी उचलली, गडग्याला लावली आणि तेवढे चिरे तिथल्या तिथे उतरवले. शेळ्या अडाव्यात म्हणून बेडे घालावे आणि ते येसूने सांभाळावे, असे ठरले. पहिला चिरा शेणव्याने काढला की येसूने, यावर गावात अजून वाद आहे.

वलंदेज गेले, वखारीचा दगडही उरला नाही. परंतु आजही या गावात तंटा झाला, की दोघांना या झाडाखाली आणून जागा बदलायला लावतात. प्रत्येकाने दुसऱ्याचे म्हणणे ‘मी’ म्हणून सांगायचे. गेल्या वर्षी दोन चुलतभाऊ फणसाच्या झाडावरून भांडून येथे आले होते. तीन वर्षे त्यांचे बोलणे बंद होते. थोरला धाकट्याच्या जागी उभा राहिला, दोन वाक्ये बोलला आणि अडला. पुढचे त्याला ठाऊक नव्हते. शेवटी तो धाकट्याकडे वळला आणि हळूच म्हणाला, “मगे काय झाला रे?”