जाळीचा वस्तरा आणि घाण्याचा बैल

फार पूर्वीची गोष्ट. इतकी पूर्वीची, की तेव्हा बैल बोलत आणि माणसं ऐकून घेत.

एका गावात एक तेली राहत होता. घरात म्हातारा बाप आणि बायको. दारात लाकडी घाणा, आणि घाण्याला चांद्या नावाचा बैल. तेली वयानं तरणा, अंगानं दांडगा. करडईतला शेवटचा थेंब निघेस्तोवर तो घाणा सोडत नसे. घाण्याच्या फळीवर दगड ठेवायचा, दगडांवर स्वतः बसायचा आणि म्हणायचा, "दाब तेवढं तेल!"

त्या गावची देवी मोठी सोवळी. तिला बकरं चालत नसे, कोंबडं चालत नसे, रक्ताचा थेंब म्हणून चालत नसे. चैत्राच्या पुनवेला दिवस मावळताना तिची पालखी निघे, आणि पालखीपुढं दिवटी धरायचा मान ह्या तेल्याच्या घराचा होता. पण मानाला एक अट होती. दिवटी धरणाऱ्यानं त्या दिवशी नदीच्या घाटावर, चार माणसांदेखत, आपली दाढी आपल्या हातानं करायची. मग गुरवीण धुतलेलं पांढरं फडकं त्याच्या तोंडावरून फिरवायची. फडकं पांढरं राहिलं, तर दिवटी हातात. लाल डाग उमटला, तर मान त्या घरातून उठला आणि चुलत्याच्या घरी गेला, तो कायमचा.

बापानं तीस वर्षं दिवटी धरली होती. एकदाही फडक्याला डाग लागला नव्हता. पण औंदा त्याच्या हातांना कापरं भरलं. पाण्याचा तांब्या धरला तर निम्मं पाणी अंगावर सांडायचं. आता पाळी लेकाची. आणि लेकानं जन्मात वस्तरा हाती धरला नव्हता. न्हाव्यापुढं मांडी घालून बसायचं, डोळे मिटायचे, एवढंच त्याला येत होतं.

"आबा, कशी करायची ते सांगा की," तो बापाला म्हणाला.

बाप आपल्या थरथरत्या बोटांकडं बघत राहिला. "बाळा, ते ह्यांना ठाऊक होतं. तोंडाला कधी ठाऊकच नव्हतं. काय सांगू?"

मग तो न्हाव्याकडं गेला. न्हावी पोट धरून हसला. "अरे गड्या, मी अख्ख्या गावाची करतो, पण माझी करायला पलीकडच्या गावचा भाऊबंद येतो! आपल्याच गालावर हात उलटा पडतो. मला विचारू नकोस."

पुनवेला महिना उरला होता. तेवढ्यात गावात एक तांबट आला, पितळेची भांडी विकणारा. त्याच्या गाठोड्यात एक नवलाचं हत्यार होतं. वीतभर पितळी दांडी, तिच्या टोकाला पितळेच्या दोन पट्ट्या, आणि पट्ट्यांच्या मधे दाबून बसवलेलं पातं. पात्याची धार सुतभर बाहेर. धारेच्या खालीच बारीक दात, फणीसारखे.

"हा जाळीचा वस्तरा," तांबट म्हणाला. "धारेला कुंपण आहे. लहान पोरानं धरला तरी भीती नाही."

तेल्याला फार नवल वाटलं. त्यानं पट्ट्या उघडून पाहिल्या, मिटून पाहिल्या, दातांवरून नख फिरवलं. मग बुधलाभर तेल देऊन त्यानं तो वस्तरा घेतला आणि नाचतच घरी आला.

दुसऱ्या दिवशी सकाळी गालांना चुळकाभर पाणी लावलं, दांडी मुठीत आवळली, आणि घाण्यावर जसा बसे तसा जोर लावून खाली ओढली. कुंपण आहे, मग भ्यायचं कशाला?

बायको दारात येऊन उभी राहिली. "अगं बाई! अहो, दाढी करताय का ऊस तासताय?"

गालावर सात ठिकाणी रक्त आलं होतं. तिनं तुरटीचा खडा आणून दिला. तुरटी लागली तसा तेली अंगणात एका पायावर नाचला. तो नाच थांबल्यावर मात्र तो खाली बसला आणि वस्तरा पुन्हा निरखू लागला. पातं तर दिसतही नाही धडपणी. मग रक्त आलं कुठून?

"केस नीट निघाले नाहीत, म्हणजे जोर कमी पडला," त्यानं ठरवलं. चार दिवसांनी पुन्हा बसला आणि जास्त जोर लावला. ह्या खेपेला अकरा जखमा झाल्या, आणि मान तर अशी भाजल्यागत झाली की सदऱ्याची कड सोसवेना.

चुलतभाऊ रस्त्यानं चालला होता. तो थांबून म्हणाला, "दादा, दिवटीला तेल कुठलं घालायचं ते आत्ताच सांगून ठेव. पुनवेनंतर आम्हालाच बघायचंय सगळं."

तेली वस्तरा उचलून घरात गेला. त्या दिवशी त्यानं पहिल्यांदा मनाशी कबूल केलं, की मान जाणार. बापाची तीस वर्षं आपल्या एका गालावरून वाहून जाणार.

संध्याकाळी त्यानं चांद्याला घाण्यातून सोडला. डोळ्यांवरची झापडं काढली. चांद्यानं धन्याचं तोंड पाहिलं आणि फुसकन नाकपुड्यांतून वारा सोडला.

"धाकले धनी, बोक्याशी भांडण झालं का?"

"तूही हस," तेली म्हणाला. "कुंपणाचा वस्तरा आणला, तरी कापतंय."

"कुंपण घातलं म्हणून राखण सोडायची असते का?" चांद्या म्हणाला. "बरं, माझ्या पाठीवरून हात फिरवा. शेपटीकडं."

तेल्यानं फिरवला. अंग रेशमासारखं लागलं.

"आता शिंगांकडं."

हाताला केस टोचले. चांद्याची कातडी थरथरली.

"हात तोच, पाठ तीच," चांद्या म्हणाला. "मला विकत घेतलं त्या बाजारात तुम्ही माझे भोवरे मोजलेत. पाठीवर एक, छातीवर एक, कपाळावर एक. केस कुठं कसा वळतो, सगळं बोटानं बघितलंत. स्वतःच्या गालावर कधी बघितलंत?"

 तेल्यानं डोळे मिटले आणि आपल्याच तोंडावरून बोटं फिरवली. जसा एखादा माणूस अनोळखी गावातून चालतो, तसा तो आपल्या चेहऱ्यावरून फिरला. गालावर केस खाली वाहत होते. जबड्याशी आडवे वळत होते. गळ्यावर तर खालून वर चढत होते. आणि हनुवटीखाली, डाव्या बाजूला, चक्क एक भोवरा होता! इतकी वर्षं तोंड बरोबर घेऊन हिंडला आणि त्याला पत्ता नव्हता.

"अरे, गळ्यावरचे उलटे आहेत!" तो ओरडला. "मी सगळं वरून खाली ओढत होतो."

"आणि कोरडं ओढत होता," चांद्या म्हणाला. "कोरडी पेंड माझ्या जिभेला टोचते. रात्रभर भिजवलेली लोण्यासारखी लागते. तुमचे केस पेंडीपेक्षा मऊ आहेत का?"

जखमा सुकल्यावर तेल्यानं ऊन पाण्यात फडकं भिजवून ते बराच वेळ गालांवर धरलं. रिठे कुटून फेस केला. फेस लावायला कुंचा हवा होता. चांद्यानं शेपटीचा गोंडा पुढं केला. "घ्या चार केस. पण उपटू नका, कापा!" तेल्यानं केसांची जुडी काडीला बांधली आणि गोल गोल फिरवून फेस केसांच्या मुळापर्यंत जिरवला.

ह्या खेपेला तीनच जखमा झाल्या. पण तीन म्हणजेही जखमाच. फडक्याला एकही पुरते.

"आता काय चुकतंय?" तो घाण्यावर बसता बसता म्हणाला. चांद्या फिरायला लागला. एक फेरा झाला, दोन झाले. तिसऱ्या फेऱ्याला चांद्या थांबला.

"धनी, घाण्याच्या लाकडाला स्वतःचं वजन आहे की नाही?"

"आहे की. चांगलं जड आहे."

"मग वर दगड कशाला? आणि दगडांवर तुम्ही कशाला?"

"जोराशिवाय तेल निघतं का?"

"गालातून तेल काढायचंय का तुम्हाला?" चांद्या म्हणाला. "तो वस्तरा पितळेचा आहे. त्याला त्याचं वजन आहे. तुम्ही त्याच्यावर जाऊन बसता. माझ्या खांद्यावर बघा एकदा, वजनावर वजन ठेवलं की कातडीचं काय होतं ते."

तेली खाली उतरला. चांद्याचा खांदा जू घासून लाल झाला होता. इतके दिवस त्यानं तिकडं पाहिलंच नव्हतं.  फळीवरचे दोन दगड त्यानं उचलून बाजूला ठेवले, खांद्याला हळद-तेल लावलं, आणि त्या दिवशी घाण्याबरोबर पायी फिरला.

मग शिकणं सुरू झालं. दांडी मुठीत नाही, तीन बोटांत. ओढायची नाही, नुसती चालू द्यायची. एक बोटभर अंतर, पाणी, पुन्हा एक बोटभर. एका फेरीत केस निघाले नाहीत तर दाबायचं नाही, पुन्हा फेस लावून दुसरी फेरी करायची. दांडी किती कलती धरायची, हे चांद्यानं झापडं लावूनच सांगितलं, नुसतं कानानं ऐकून. "हां, आता हिरवं गवत खाल्ल्यासारखा आवाज येतोय. आता नाही, आता खडा दाताखाली आला. जरा कलवा. हां."

बायको भाकरी थापता थापता म्हणाली, "बैलाचं ऐकता, माझं कधी ऐकलंत का?"

"तू काय सांगितलं होतंस?"

"ऊस तासू नका म्हटलं होतं!"

पुनव आली. घाटावर गाव जमलं. पाटील पायरीवर बसले, गुरवीण फडकं घेऊन उभी राहिली. बापाला दोघांनी धरून आणलं. तेल्यानं पाणी ऊन करून आणलं होतं. तो बसला, डोळे मिटून गालांवरून बोटं फिरवली आणि फेस लावला.

एक गाल झाला. दुसरा झाला. सूर्य झाडांच्या शेंड्यांना टेकला. गळा झाला. पण तेल्यानं पुन्हा फेस लावायला घेतला, तसे लोक चुळबुळले.

"अरे, पालखीची वेळ होत आली," पाटील म्हणाले. "आटप."

"दाब की जरा, दादा!" चुलतभाऊ ओरडला. "तेली ना तू?"

घाटावर हशा पिकला. हनुवटीखालचा भोवरा तेवढा राहिला होता. तेल्याच्या कपाळावर घाम आला. त्यानं भोवऱ्यावर वस्तरा टेकवला आणि त्याच्या ध्यानात आलं, की बोटांची पेरं पांढरी पडली आहेत. हात आपसूक जड झाला होता. ह्या हातानं आता एक बोट जरी पुढं गेलो, तर कुंपण काही वाचवणार नाही. सोडावं, तर लोक म्हणतील अर्धवट. दाबावं, तर तीस वर्षं पाण्यात.

त्यानं वस्तरा उचलला आणि पाण्यात बुडवून खाली ठेवला. तोंड धुतलं आणि गुरविणीपुढं जाऊन उभा राहिला.

"मावशी, भोवऱ्यात पाच-सहा केस राहिलेत. तिथं हात जड व्हायला लागला होता, म्हणून थांबलो."

चुलतभाऊ पुढं आला. "राहिलेत ना? मग झाली कुठं दाढी?"

गुरविणीनं त्याच्याकडं पाहिलंही नाही. तिनं फडकं तेल्याच्या गालावरून फिरवलं, जबड्यावरून फिरवलं, गळ्यावरून दोनदा फिरवलं. मग दोन्ही हातांनी उलगडून मावळत्या उन्हात धरलं. फडकं दुधासारखं पांढरं होतं.

"देवीनं रक्त नको म्हटलंय," गुरवीण म्हणाली. "केस नको असं कधी म्हटलं? द्या रे दिवटी!"

वाजंत्री वाजली. दिवटी पेटली. तेली पालखीपुढं चालला, आणि उजेडात त्याच्या हनुवटीखालचे ते पाच-सहा केस साऱ्या गावाला दिसत होते. त्याची त्याला लाज वाटली नाही.

दुसऱ्या सकाळी बापानं त्याला हाक मारली. हातांना कापरं भरल्यापासून म्हाताऱ्यानं गालाला कुणाला हात लावू दिला नव्हता. "जन्मभर आपली आपण केली, आता दुसऱ्यापुढं मान कशी देऊ?" असं म्हणून न्हाव्याला दारातूनच परत पाठवायचा. मूठभर दाढी वाढली होती. लेक समोर येऊन बसला, तसे म्हाताऱ्यानं डोळे मिटले आणि हनुवटी वर केली.

लेकानं आधी कातर चालवली, मग ऊन फडकं धरलं. मग त्या सुरकुतलेल्या, मऊ कातडीवरून वस्तरा असा चालवला, की म्हातारा मधेच घोरायला लागला.

म्हणून म्हणतात, ज्याला आपला जोर आवरता येतो, धार त्याच्याच हाती शोभते.