दिघेबाई मान डोलावत नाहीत

“...पण इतक्या वर्षांत एकदाही, बाई? एकदाही मान डोलवावीशी वाटली नाही?”

विचारत होते डॉ. हेरंब सावरगावकर. ताणतणाव आणि आरोग्य या विषयावरचं चर्चासत्र आज त्यांचं नाव घेतल्याशिवाय उरकत नाही. समोर बसल्या होत्या त्यांच्या गुरू दिघेबाई, आमच्या मानसशास्त्र विभागाच्या निवृत्त प्राध्यापक. जागा विभागाची जुनी प्रयोगशाळा. मी तिथला सध्याचा मास्तर, कोपऱ्यात पेपर तपासत होतो. खोटं कशाला बोलू, पेपर बाजूलाच राहिले.



ताणावरचे बाईंचे प्रयोग याच खोलीत झाले. आलेल्या माणसाला उभं करायचं, समोर परीक्षक बसवायचे आणि सांगायचं, स्वतःविषयी बोला. परीक्षकांनी हसायचं नाही, मान हलवायची नाही, हूं की चूं करायचं नाही. भल्याभल्यांना घाम फुटायचा. मग लाळेचा नमुना घ्यायचा. अंगात ताण किती चढला ते त्यावरून कळतं.

या कामात बाईंचा चेहरा इतका पक्का, की साक्षात ब्रह्मदेव समोर आला असता तरी आपण काय काय निर्माण केलं ते त्याला आठवलं नसतं. बाईंचा आम्हाला फार अभिमान. भीतीही तेवढीच.

“उद्या माझा सत्कार आहे,” सावरगावकर म्हणाले. “कुलगुरू बोलणार आहेत. तुम्ही?”

“मी ऐकेन.”

“ऐकाल... माझं पहिलं पुस्तक आलं, तेव्हा तुम्ही म्हणालात, संदर्भसूची नीट कर.”

“नीट नव्हती.”

“परदेशातून बोलावणं आलं, तेव्हा विचारलंत, मग इथले तास कोण घेणार?”

“कोणी घेतले?”

मला हसू आलं. मी ते गिळलं.

“आणि त्या दिवशी?” सावरगावकरांचा आवाज चढला. “मी नवखा होतो. एक मुलगी बोलताना अडखळली, म्हणून मी जराशी मान डोलावली. तुम्ही मला सगळ्यांदेखत परीक्षकाच्या खुर्चीवरून उठवलंत.”

“प्रयोग नासला होता.”

“तिचा ताण उतरला होता, बाई. का उतरला, हाच प्रश्न घेऊन मी इथून बाहेर पडलो. खोलीत आपलं एक माणूस असलं तर शरीर कसं सावरतं, हे मी जगाला दाखवलं. तुमच्या शाबासकीवाचून दाखवलं.”

छाती काढून बोलले. काढावी अशीच कामगिरी होती, हे मीही म्हणेन.

बाईंनी चष्मा पुसला.

“नासलेला नमुना फेकून द्यायचा असतो,” त्या म्हणाल्या. “तुला तो तपासायला कोणी दिला?”



“...तुम्ही.”

“फेकायचा नियम कोणाचा होता?”

“तुमचाच.”

बाईंनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला.

“मग तेव्हाच म्हणायचं होतंत,” सावरगावकर हळूच म्हणाले. केस पांढरे झालेला माणूस, पण ओठ रुसलेल्या पोरासारखे. “शाबास. एवढा एकच शब्द. मी अजून त्याचीच वाट बघतोय, बाई. उद्या तुम्ही नुसतं ऐकलंत, तर तो सत्कार घेऊन मी काय करू?”



“उद्याचं भाषण तयार आहे?” बाईंनी विचारलं.

“आहे.”

“उभा राहा. बोल.”

सावरगावकर टेबलासमोर उभे राहिले. बाई पलीकडे, ताठ. सुरुवात झोकात झाली. संशोधन, पुरस्कार, शिष्यांची फौज... आवाज खणखणीत. बाईंचा चेहरा जसाच्या तसा.

“माझ्या या वाटचालीत... माझ्या गुरूंनी...”

पुढचं वाक्य येईना. सावरगावकरांनी घसा खाकरला, पुन्हा सुरुवात केली आणि पुन्हा तिथेच अडले.

“माझे हात गार पडलेत, बाई,” ते म्हणाले. “मला सगळं शास्त्र ठाऊक आहे. तरी गार पडलेत.”

बाई गुडघ्यावर हात टेकून उठल्या. आपली खुर्ची त्यांनी फरशीवरून खरखर ओढत टेबलाला वळसा घालून आणली. मी मदतीला उठलो, तर हातानेच बस म्हणाल्या.

खुर्ची त्यांनी सावरगावकरांच्या शेजारी ठेवली, अगदी खांद्याला खांदा लागेल अशी. बसल्या. आता टेबलापलीकडे कोणीच नव्हतं.

सावरगावकरांनी वळून त्यांच्याकडे पाहिलं. चेहरा तोच होता. मान हलली नव्हती.

बाई समोर बघत म्हणाल्या, “हं, बोल. आता पलीकडे कोणीही असू दे.”