खोक्याच्या फळीची गिटार

फार फार वर्षांपूर्वीची गोष्ट. डोंगरापलीकडे एक गाव होतं आणि त्या गावात घरटी एक तरी माणूस गिटार बनवायचा. का, ते कुणास ठाऊक. एखाद्या गावात मडकी घडतात, एखाद्या गावात घोंगड्या विणतात, तशा या गावात गिटारी. लांबलांबचे गवई आणि हौशी लोक त्या घ्यायला तिथे यायचे.

गाव मात्र मोठं कडक. बनवली गिटार आणि नेली बाजारात, असं तिथे चालायचं नाही. आधी ती चावडीवर न्यायची. तिथे गावाचा पारखी भिंतीकडे तोंड करून बसायचा. गिटार कुणी बनवली, कशी दिसते, हे त्याने बघायचंच नाही. बनवणाऱ्याने त्याच्या पाठीमागे उभं राहून तीन वेळा तारा छेडायच्या, पारख्याने ऐकायचं आणि एकच शब्द बोलायचा. ‘वाजती’ म्हणाला, तर गिटारीवर गावाचा शिक्का बसायचा. ‘टांगती’ म्हणाला, तर तो स्वतः उठून पकडीने तिच्या तारा कापायचा. मग ती गिटार शोभेची म्हणून स्वस्तात विकली जायची आणि कुणाच्या तरी भिंतीवर लटकत राहायची. मुकी गिटार गाणारी म्हणून कुणाच्या गळ्यात मारू नये, एवढ्यासाठी ही रीत होती. आणि ज्याच्या लागोपाठ तीन गिटारी टांगती ठरतील, त्याने आपली हत्यारं चावडीत जमा करायची आणि पुन्हा गिटारीच्या वाटेला जायचं नाही.

त्या वेळी पारखी होता केरोबा. तीस वर्षं त्याने हे काम केलं होतं. एक तार वाजली की लाकूड नीट वाळलंय की ओलसर आहे, हे तो न बघता सांगायचा. केरोबा कुणाची भीड ठेवत नाही, असं लोक म्हणायचे आणि तेव्हा ते खरंही होतं.

मग त्याचे कान गेले.

एका दिवसात नाही गेले. आधी बारीक तारा ऐकू येईनाशा झाल्या, मग जाड. समोरचा माणूस बोलला तर ओठांवरून अंदाज यायचा, म्हणून घरच्यांनाही पत्ता लागला नाही. केरोबा घाबरून गेला. ज्याला सारा मान कानांमुळे मिळाला, त्याने कान गेल्याचं कुणाला आणि कसं सांगायचं? उद्या सांगू, परवा सांगू, असं करता करता दोन वर्षं निघून गेली.

या दोन वर्षांत त्याने एक शक्कल लढवली. भिंतीकडे तोंड करून बसणं सोडून दिलं. म्हणाला, नुसतं ऐकून भागत नाही, वस्तू नजरेखालून घालायला हवी. लोकांना वाटलं, बघा, म्हातारा आता आणखी बारकाईने पारख करतो! आणि तो काय बघायचा? लाकूड कोणतं, रोगण किती चकचकीत, बनवणारा कोण. एवढं बघायचा आणि शब्द टाकायचा. गावात हैबती नावाचा मोठा कारागीर होता. त्याची गिटार शिवणीच्या महागड्या लाकडाची, कडेने शिंपल्यांची नक्षी, वर रोगणाचे सात हात. ती समोर आली की केरोबा ‘वाजती’ म्हणून मोकळा. रोगणाच्या जाड थराखाली आवाज पार गुदमरला असला तरी तिच्यावर शिक्का बसायचाच. आणि घेणाऱ्यांचंही काय सांगावं, शिक्का दिसला की त्यांना आवाज गोड वाटायला लागायचा.

त्याच गावात गजरा नावाची एक बाई राहायची. एकटीच. वडील गेले तेव्हा त्यांची हत्यारं तेवढी तिच्यासाठी मागे राहिली, बाकी सगळा आनंदच होता. शिवणीचं लाकूड तिला कुठून परवडणार? बाजार उठला की फळांची मोडकी खोकी पडलेली असायची, ती गोळा करून आणायची. फळ्या सुट्या करून उन्हात चांगल्या वर्षभर वाळवायची. मग एकेक फळी कानाशी धरून बोटाने ठोकून बघायची. दहांतल्या नऊ चुलीत जायच्या, एक ठेवायची.

खोक्याच्या फळीला खिळ्यांची भोकं असायचीच. ती भुशाने बुजवून गजरा त्यांच्यावर फुलं रंगवायची. जिथे भोक तिथे फूल, फुलाला फूल जोडणारी वेल आणि वेलीवर हिरवे राघू. रंगही कसले, तर गेरू, हळद आणि पाल्याचा रस, डिंकाच्या पाण्यात कालवलेला. एकच पातळ हात. दुसरा हात द्यायला रंगच उरायचा नाही, म्हणून तिची फळी थरारायला मोकळी राहायची.

लोक हसायचे. गजरा चावडीकडे निघाली की म्हणायचे, निघालं बघा रंगीत खोकं. स्वस्त वस्तू आणि वर राघू, म्हणजे ती भिंतीसाठीच, हे सगळ्यांनी मनाशी ठरवून टाकलं होतं. आता खरं सांगायचं तर तिची पहिली गिटार दबक्या आवाजाचीच होती. केरोबाने तिला टांगती म्हटलं आणि गजरानेही ते मान्य केलं. तारांखालची घोडी जड झाली होती, ती चूक तिने शोधून काढली. दुसरी गिटार मात्र गाणारी होती. केरोबाने राघू पाहिले, खोक्याची फळी पाहिली आणि सरळ पकड उचलली. त्या दिवशी गजराच्या घरी चूल पेटली नाही. चूक कुठे झाली ते ती शोधत बसली आणि चूक सापडेना, त्याचंच तिला जास्त वाईट वाटलं.

तिसरी गिटार करायला तिने वर्ष घेतलं. ही गेली की हत्यारं जाणार होती आणि हत्यारं गेल्यावर तिच्या जगण्यात काही उरणार नव्हतं. दुसरं काही तिला येतही नव्हतं आणि दुसरं काही करावं असं तिला कधी वाटलंही नव्हतं.

तिच्या पारखीच्या दिवशी चावडीत झाडून सगळं गाव लोटलं. कुणाची हत्यारं जमा होणार म्हटलं की बघायला माणसं येतातच, त्यांची जात तशी. हैबतीही आला होता आणि मागे खांबाला टेकून उभा होता. गजराच्या एका हातात कापडात गुंडाळलेली गिटार होती, दुसऱ्या हातात हत्यारांची पेटी. तिसऱ्या खेपेला पेटी सोबत आणायची, अशी रीतच होती. केरोबाने गिटार घ्यायला हात पुढे केला. तिने दिली नाही. ती त्याच्या अगदी समोर येऊन उभी राहिली.

“काका, आधी भिंतीकडे तोंड करा,” ती म्हणाली. “माझे वडील होते तेव्हा करायचात, तसं. मग तुम्ही जे म्हणाल ते मला मान्य आहे.”

लोकांत कुजबुज झाली. पण तिचं मागणं काही वावगं नव्हतं, जुनी रीतच ती. नाही म्हणायला केरोबाकडे कारण नव्हतं. तो वळला.

आता त्या म्हाताऱ्याचे हाल बघा. नाकासमोर पांढरी भिंत. पाठीमागे काय चाललंय ते कळायला मार्ग नाही. गजराने छेडायला सुरुवात केली का, पहिली झाली की तिसरी, कशाचाच पत्ता नाही. नेहमी लागतो तेवढा वेळ गेला असावा, असं वाटेपर्यंत तो तसाच बसून राहिला आणि तेवढ्यात त्याने मनाशी विचार केला. वाजती म्हणालो आणि उद्या कुणा गवयाने ही गिटार माझ्या तोंडावर आणून आपटली, तर माझं पितळ उघडं पडेल. टांगती म्हटलेली गिटार मात्र कधी तक्रार घेऊन परत येत नाही, तिच्या तारा कापलेल्या असतात. शिवाय खोक्याची फळी कुठे गाते का?

“टांगती,” तो म्हणाला.

गजराने शब्द दिला होता. तिने गिटार त्याच्यासमोरच्या चौरंगावर ठेवली आणि शेजारी हत्यारांची पेटी उघडून ठेवली. केरोबाने पकड घेतली. तारा कापताना गिटार हलू नये म्हणून डावा पंजा तिच्या पोटावर ठेवायचा, ही त्याची फार जुनी सवय. तसा त्याने तो ठेवला, आणि पकड लावताना तिचं टोक जाड तारेला लागलं.

पंजाखाली फळी थरारली. बोटांत, तळहातात, पार मनगटापर्यंत त्याला ते जाणवलं. आता थांबेल, मग थांबेल, असं तो मनाशी म्हणत राहिला आणि ते थांबेना. त्याने हात जरा हलका केला, तर थरार आणखी वाढला. तीस वर्षांत किती गिटारी या हाताखालून गेल्या होत्या! हाताला सगळं ठाऊक होतं. दोन वर्षांत त्या हाताला विचारून बघावं असं केरोबाला सुचलंच नाही, कारण वरवर बघण्यापलीकडे त्याने काही केलंच नव्हतं. आता त्याला कळलं की ही गिटार चांगली गाणारी आहे, आणि आपण तिच्या तारा कापायला बसलो आहोत.

अजूनही गप्प राहता आलं असतं बरं का. पकडीला एक दाब दिला की काम झालं असतं. गजरा रिकाम्या हातांनी घरी गेली असती, म्हाताऱ्याचा मान मरेपर्यंत टिकला असता आणि कुणाला काही कळलं नसतं. केरोबाची नजर उघड्या पेटीवर गेली. रंध्याची मूठ झिजून झिजून बाईच्या मुठीत मावेल एवढी बारीक झाली होती. त्याला स्वतःची अशी लाज वाटली की पकड त्याच्या हातातून खाली पडली.

“मला ऐकू येत नाही,” तो म्हणाला. “दोन वर्षं झाली. मी काहीच ऐकलेलं नाही. हिची गिटार नाही आणि तुमच्यापैकीही कुणाची नाही.”

मग जो गलका झाला तो विचारू नका. कुणी त्याला लबाड म्हटलं, कुणी आपली टांगती ठरलेली गिटार आठवून कपाळावर हात मारला, कुणी म्हणालं याला आत्ताच्या आत्ता चावडीतून बाहेर काढा. केरोबा मान खाली घालून ऐकून घेत होता, म्हणजे तसं दिसत तरी होतं. थोड्या वेळाने एकाला सुचलं की बाकीचं नंतर बघू, आधी त्या बिचाऱ्या गजराच्या गिटारीवर शिक्का मारून टाका. लगेच सगळे तेच म्हणायला लागले. मघाशी हसणारेही तेच म्हणत होते. एक जण शिक्का घेऊन पुढेसुद्धा आला.

गजराने गिटारीवर हात आडवा धरला.

“काकांना ऐकू आलं नाही, ते समजलं,” ती म्हणाली. “पण मी तीन वेळा वाजवली तेव्हा तुम्ही सगळे इथेच उभे होतात. तुमचे कान तर धड आहेत ना? मग सांगा, कशी वाजली?”

जो तो शेजाऱ्याच्या तोंडाकडे बघायला लागला. सांगणार काय? कुणी ऐकलंच नव्हतं. सगळे केरोबा काय म्हणतो त्याची वाट बघत उभे होते. राघू किती आहेत ते विचारलं असतं, तर दोघातिघांनी सांगितलं असतं.

तेव्हा खांबाजवळून हैबती पुढे आला.

“वाजती आहे,” तो म्हणाला. “पहिल्यांदा छेडलीस तेव्हाच मला कळलं. माझ्या गिटारींपेक्षा चांगली आहे. तुझी मागची, तारा कापलेली, तीही वाजतीच होती.”

“मग बोलला का नाहीस, दादा?” गजराने विचारलं.

“पारखी बोलून गेला होता,” हैबती खाली बघत म्हणाला. “आणि मला ते सोयीचं होतं.”

इतका वेळ गजराच्या डोळ्यांत पाणी नव्हतं, ते आता आलं. ज्याला ऐकूच आलं नाही त्याच्यावर तिला फारसं रागावता येईना. ऐकू येऊनही जो गप्प बसला, त्याचं काय करायचं, हे तिला कळेना. तिने डोळे पुसले, गिटार उचलली आणि सगळ्यांना भिंतीकडे तोंड करायला सांगितलं. अख्खं गाव मुकाट्याने वळलं. केरोबाला तिने जवळ बसवून घेतलं आणि त्याचा पंजा फळीवर ठेवला. मग तिने पुन्हा तीन वेळा तारा छेडल्या. या वेळी लोकांनी ऐकलं. त्या दिवशी शिक्का बसला तो प्रत्येकाने आपल्या तोंडाने ‘वाजती’ म्हटल्यावरच. त्याला संध्याकाळ झाली, पण कुणीही घरी जायची घाई केली नाही.

तात्पर्य: वस्तूचं मोल तिच्या किमतीवरून, रंगावरून किंवा दुसऱ्याच्या शब्दावरून ठरवू नये, स्वतः पारखून ठरवावं. आणि जे कळलं ते वेळेवर बोलावं, कारण न ऐकता निकाल देणाऱ्याइतकाच ऐकूनही गप्प बसणारा दोषी असतो.