शंभरची सरळ रेघ

कुडाळच्या हेमलताताई गवाणकर पार चक्रावून गेल्या होत्या. ऑनलाइन पेटी शिकवताना सूर मध्येच तुटायचे आणि विद्यार्थी गळत चालले होते. म्हणून दर दहा मिनिटांनी घरच्या इंटरनेटचा वेग मोजून नोंदवणारी संगणकाची छोटी स्क्रिप्ट त्यांनी खटपट करून स्वतःच लिहिली. ती कधी आठ एमबीपीएस दाखवी, कधी बारा. इंटरनेट कंपनी म्हणे, शंभर! आपलंच काही चुकतंय का, म्हणून ताईंनी ती तीनदा पुसून नव्याने लिहिली. आकडे तेच.

शेवटी त्या कंपनीच्या ऑफिसात गेल्या. मॅनेजर तिरोडकर खुर्चीत रेलून हसले. "आजी, तुमचा तो घरगुती खेळ! हे आमचं यंत्र बघा. तुमचा वेग महिनाभर शंभरच्या खाली आलेला नाही." त्यांनी ऐटीत मॉनिटर फिरवला.

ताईंनी चष्मा सावरला. सरळसोट रेघ. त्या आणखीच गोंधळल्या.

"मंगळवारी खोदकामात तुमची केबल तुटली, दिवसभर आमच्या अख्ख्या गल्लीचं इंटरनेट बंद होतं. माफीचा मेसेज तुम्हीच पाठवलात ना?"

"हो. मग?"

"माझ्या स्क्रिप्टने मंगळवारी शून्य लिहिलंय. तुमच्या यंत्रावर मात्र तेव्हाही शंभर."

तिरोडकरांनी घाईघाईने मॉनिटर पुन्हा स्वतःकडे वळवला.

"तुटल्यावरच शंभर मिळत असतील," ताई उठत म्हणाल्या, "तर आजच माणूस पाठवून माझी केबल पुन्हा तोडून द्या, साहेब."